रंगुबाईच्या हातचं रवण

विट्यापासून दोन-अडीच कोसांवरच्या त्या गावात रंगुबाईच्या हाताचं मोठं नाव होतं. कुणाची कोंबडी खुडूक झाली, अंगावर पिसं फुलवून कोपरा धरून बसायला लागली, की त्या घरची बाई साठवलेली अंडी टोपलीत घालायची आणि रंगुबाईला बोलवायला निघायची. रवण ठेवायचं ते रंगुबाईनंच. म्हणजे पाटीत अंडी मांडायची आणि वर कोंबडी बसवायची. तिनं ठेवलेल्या रवणातून तलंगाच जास्त निघतात, कोंबडे एखाद-दुसरेच, अशी सगळ्या आळीची खात्री होती. तलंग म्हणजे उद्या अंडी देणारी कोंबडी. तिच्या अंड्यांवर घरातलं मीठ-मिरची भागायचं, पोरांची पाटी-पेन्सिल यायची. कोंबडा काय, दाणे खाणार, भांडणार आणि एक दिवस रश्श्यात जाणार.

हे नाव कसं पडलं, ते रंगुबाईलाही नीट सांगता आलं नसतं. लग्न होऊन आली त्या साली सासूनं सहज म्हणून तिला अंडी मांडायला लावली आणि दिवाळीपर्यंत खुराड्यात सगळ्या तलंगाच दिसायला लागल्या. सासू कौतुकानं चार घरी बोलली आणि तिथून सुरुवात झाली. रंगुबाई करायची ते कुणालाही करता आलं असतं. पाटीत राख, राखेवर गव्हाचं काड, आणि विजा कडाडल्या तर अंडी नासू नयेत म्हणून कोळशाचा एक खडा. टोकदार अंडी ती बाजूला काढायची आणि गोलसर ठेवायची, कारण टोकाच्या अंड्यातनं कोंबडा निघतो असं तिच्या आईनं सांगितलं होतं. बाकी मंत्र नाही की तंत्र नाही. पण वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले, तशी तिलाही आपल्या हातात काहीतरी असावं असं वाटायला लागलं होतं.

त्यातून तिला स्वतःला तिन्ही मुलीच. तिघी आपापल्या घरी नांदत होत्या, धाकटी तर पार जतकडं दिलेली. त्या मुलींमुळं रंगुबाईच्या हाताची गोष्ट आळीत आणखी पक्की झाली, आणि तिथंच तिला काटाही फुटला. कोंबडीपाशी जो हात बायकांना हवा असायचा, तोच हात गरोदर सुनेच्या ओटीपाशी नको असायचा. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त सातव्या महिन्याच्या ओटीला रंगुबाईला बोलावणं उशिरा यायचं.

चंद्राबाईच्या घरी तसंच झालं होतं. चंद्राबाईचं घर आळीत सगळ्यांत मोठं. तिचा मुलगा मानसिंग कानपूरला गलाईच्या दुकानात होता, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. वर्षातनं एकदा गावी यायचा. त्याची बायको मनू पहिल्यांदा गरोदर राहिली, तेव्हा चंद्राबाईनं ओटीचा मोठा कार्यक्रम केला. आळीतल्या बाकीच्या बायकांना सकाळचं आवतण गेलं. रंगुबाईला निरोप आला, "दुपारी जेवायला या." ती गेली तेव्हा ओटी भरून झाली होती. तिनं मुकाट्यानं पुरणपोळी खाल्ली, पान घेतलं आणि घरी आली. नवऱ्यानं, नाथाजीनं विचारलं, "लवकर आलीस?" तर ती म्हणाली, "जेवायलाच तर गेल्ते." मनूला पुढं मुलगीच झाली. ओटी भरताना रंगुबाई तिथं नव्हती, याची आठवण मात्र कुणाला झाली नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसांना दाणा नव्हता तिथं कोंबड्यांना कोण टाकणार. काही विकल्या, काही खाल्ल्या, राहिलेल्या मानमोडीच्या रोगानं गेल्या. दुष्काळ सरला तेव्हा गावातली खुराडी रिकामी होती. पाऊस झाला, ज्वारी आली, मग बायकांनी माहेराहून, कुणी कृष्णाकाठच्या पाहुण्यांकडून एखाद-दुसरी कोंबडी आणली. चौऱ्याहत्तरच्या शिवरात्रीच्या सुमाराला त्या खुडूक झाल्या आणि रंगुबाईला पाठोपाठ बोलावणी आली. आधी साळूबाईकडं, मग चंद्राबाईकडं, मग आणखी दोन घरांत. त्या वर्षी प्रत्येक अंड्यावर बायकांचा जीव होता. रंगुबाईनं हात धुऊन, पदर खोचून, एकेक अंडं उजेडात धरून रवण ठेवलं.

पिलं निघाली, चांगली जगली. पण आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास त्यांच्या डोक्यावर तुरे दिसायला लागले, आणि आळीत कुजबुज सुरू झाली. साळूबाईच्या दहा पिलांत सात कोंबडे निघाले. चंद्राबाईकडं त्याहून वाईट, नऊ पिलांत तलंग एकच. बाकीच्या दोन घरांतही कोंबडेच जास्त. पहाटे कोवळ्या, फाटक्या आवाजात आरवण्याची शर्यत लागायची आणि रंगुबाई अंथरुणात पडून ऐकत राहायची.

साळूबाई फटकळ होती. पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "रंगुबाई, औंदा हात धुवून आलीवतीस न्हवं?"

रंगुबाईनं घागर भरली आणि निघाली. पण रस्ताभर तेच तिच्या मनात घोळत राहिलं. लोकांनी दिलेलं नाव लोक काढून घेत होते, आणि त्यात आपलं काय चुकलं हेच तिला कळत नव्हतं. अंडी तर तिनं गोलच घेतली होती.

तिच्या परसाला लागून हुसेन मुलाण्याचं घर होतं. गावात कुणाला बकरं-कोंबडं कापायचं असलं की हुसेनला बोलावणं जायचं, नाहीतर लोक कोंबडा घेऊन त्याच्या दारात यायचे. त्याची बायको जैनब आणि रंगुबाई यांची परसाच्या कुपावरून, म्हणजे काटेरी कुंपणावरून, रोज बोलणी चालायची. त्या दिवशी रंगुबाईचा उतरलेला चेहरा बघून जैनब कूप ओलांडूनच आली.

"काय झालं गं?"

रंगुबाईनं सांगितलं. वर म्हणाली, "तीस वरसं हात चालला माजा. आता फिरला."

जैनब खाली बसली. पिशवीतून सुपारी काढून तिच्या हातावर ठेवली. मग म्हणाली, "ह्या आळीतला कोंबडा कोन कापतं?"

"हुसेनभाऊ."

"मग तुज्या हातच्या रवणातलं कोंबडं कुटं गेलं, ते आमाला इचार की. पावना आला, कोंबडा. जावई आला, कोंबडा. जत्रा आली, दोन कोंबडं. तलंगंला कोन हात लावतंय? समदं कोंबडं आमच्या दारात येत्यात, आन् दिवाळीला बाया खुराड्यात बगून म्हनत्यात, रंगुबाईच्या हातच्या समद्या तलंगाच. मी कितींदा मनात हसली आसंन."

रंगुबाईनं विचारलं, "मग आदी का न्हाई बोललीस?"

"तुला बरं वाटत हुतं. मी कशाला मोडू?"

"आन् औंदा?"

"औंदा पावनं कुनाकडं आलं? दुष्काळातनं उटलेली मानसं. एक कोंबडा कापला न्हाई कुनी. आन् पिली निगाल्यापास्नं बाया रोज मोजत बसल्यात. मोजल्यावर दिसनारच." जैनबनं आपल्या अंगणाकडं हात केला. "माजं रवण मीच ठिवलं. पाच कोंबडं, सा तलंगा. टोकाचं अंडं का गोल अंडं, मी बगितलं बी न्हाई. आगं, निम्मंनिम्मंच आसतंय ते. एका पाटीत हिकडं झुकतं, एका पाटीत तिकडं. चंद्राबाईची पाटी लय झुकली, तेवडंच."

रंगुबाईनं सुपारी तोंडात टाकली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं आणि त्याचबरोबर काहीतरी हातातून गेल्यासारखंही. तीस वर्षं लोक आपल्याला मानत होते ते पाहुण्यांच्या पानात गेलेल्या कोंबड्यांमुळं, हे पचायला तिला ती संध्याकाळ लागली. नाथाजीला तिनं सांगितलं, तर तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "जैनब बराबर बोलती," आणि कालवण मागितलं.

यानंतर चार दिवसांनी चंद्राबाई स्वतः रंगुबाईच्या दारात आली. हातात कुंकवाचा करंडा होता. चंद्राबाई आळीतल्या घरांत सहसा जायची नाही, लोक तिच्याकडं जायचे. रंगुबाईनं लगबगीनं घोंगडं टाकलं.

"रंगू," चंद्राबाई म्हणाली, "मनूला सातवा लागलाय. सोमवारी वटी भरायची. तुला पयली भरायची हाय. सकाळीच ये."

रंगुबाईला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग चंद्राबाईच पुढं बोलली. "आमच्याकडं नवात आट कोंबडं निगालं. साळूकडं बी तसंच. तुजा हात फिरलाय, रंगू. ह्या खेपंला मनूला तुजा हात लागाया पायजे."

ती गेल्यावर रंगुबाई उंबऱ्यावर बसून राहिली. इतकी वर्षं जे आवतण यावं असं तिला मनातून वाटत होतं, ते आलं होतं. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण लगेच मनात आलं, मुलगी झाली तर? साळूबाईनं सात कोंबड्यांसाठी पाणवठ्यावर उणं काढलं. चंद्राबाई दुसऱ्या नातीसाठी काय करील? आणि त्या मनूचं काय? जैनब जे बोलली ते खरं असेल, आणि ते खरंच होतं, तर आपण खोटा नारळ घेऊन त्या पोरीच्या पुढ्यात जाणार.

"जाऊ का नगं?" तिनं नाथाजीला विचारलं.

"बोलावलंय तर जा," तो म्हणाला. "आन् खरं काय ते बोल. तुला काय कोंबडी चोरायची हाय?"

सोमवारी मनू पाटावर बसली होती. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, गजरा. चेहरा मात्र ओढलेला. रंगुबाई खण-नारळ घेऊन वाकली, तेव्हा मनूनं खालच्या आवाजात म्हटलं, "मावशी, पोरगी झाली तर मला लय बोलतील."

रंगुबाईनं तिच्या पदरात खण घातला, नारळ ठेवला, गहू ओतले आणि डोक्यावरून हात फिरवला. "सुकरूप सूट गं बाई," ती म्हणाली.

मागून चंद्राबाईचा आवाज आला. "रंगू, पोरगा हुदे म्हन."

बायकांनी रंगुबाईकडं बघितलं. ती वळली आणि चंद्राबाईच्या तोंडाकडं बघून बोलली. "अक्का, माज्या हातात तेवडं न्हाई. आदी बी नव्हतं. तलंगा निगत हुत्या तवा कोंबडं तुमी पावन्यांना घातलं, म्हनून त्या दिसायच्या. औंदा पावनं आलं न्हाईत, म्हनून कोंबडं दिसत्यात. मी आपली अंडी मांडत हुते. मनू सुकरूप सुटावी एवडंच माज्या तोंडात येतंय, आन् ते मी मनापास्नं म्हनलं."

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी खोकलं. चंद्राबाईनं दुसऱ्या बाईला हातानं पुढं बोलावलं आणि ओटी भरणं चालू राहिलं. रंगुबाई जेवायला थांबली नाही. घरी येताना तिला हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण कुणाचं काही देणं लागत नाही, असं तिला वाटलं.

चंद्राबाईनं बोलणं टाकलं. रंगुबाई समोर आली की मान फिरवायची. आळीतल्या बायका मात्र हळूहळू त्या गोष्टीवर हसायला लागल्या. साळूबाईनं तर घरी जाऊन गेल्या चार वर्षांत आपल्याकडं कोणत्या पाहुण्याला कोणता कोंबडा कापला, ते नवऱ्याबरोबर आठवून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर रंगुबाईची घागर स्वतः उचलून दिली.

आषाढात एका सकाळी मनूच्या पोटात दुखायला लागलं. हरणाबाई सुईण आली. तिनं तपासलं, पुन्हा तपासलं, आणि बाहेर येऊन चंद्राबाईला बाजूला घेतलं. "मूल आडवं हाय. माज्यानं व्हायचं न्हाई. सांगलीला न्या, आन् आत्ता न्या."

आळीत बैलगाडी जुंपायला तयार उभी होती ती नाथाजीची. गडी शेताकडं जायच्या तयारीत होते, ते थांबले. गाडीत काड पसरलं, वर वाकळ टाकली, मनूला उचलून ठेवलं. रंगुबाई उशाला लोटा-तांब्या द्यायला पुढं झाली, तर मनूनं तिचा पदर मुठीत धरला. "मावशी, तुमी चला."

रंगुबाईनं चंद्राबाईकडं बघितलं. चंद्राबाईनं मान डोलावली, गाडीत बस म्हणून.

विट्यापर्यंत गाडी, वाट उलटी पण मोटार मिळायची ती तिथंच. तिथं एका गलाईवाल्यानं मानसिंगच्या ओळखीवर आपली जीप दिली. मनूचं डोकं रंगुबाईच्या मांडीवर, पाय चंद्राबाईच्या. प्रत्येक खड्ड्याला मनू ओठ चावायची. रंगुबाई मधून मधून म्हणत राहिली, "आलं बग, आलं, थोडं ऱ्हायलं."

सांगलीच्या दवाखान्यात मनूला लगेच आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पोट उघडून बाळ काढावं लागेल. चंद्राबाईनं अंगठा उठवला. मग दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. बाहेर रस्त्यावरनं हळदीच्या पोत्यांचे ट्रक जात होते. समोरच्या बाकावर कुणीतरी भाकरीचं फडकं सोडून जेवत होतं. चंद्राबाई कधी पदर नीट करायची, कधी बांगड्या मागं सारायची. गावात तिच्यासमोर बोलायला लोक बिचकायचे, आणि इथं कुणी दाराशी आलं की ती लहान मुलीसारखी उठून उभी राहायची.

"रंगू," ती एकदम म्हणाली, "ती पोर माज्या घरी आली तवा सतराची हुती. तिला नीट भाकरी बी थापता येत नव्हती. मी शिकवली."

"चांगली थापती आता."

"मानसिंगपेक्षा मला तिचीच सवय झालीया. तो तर तिकडंच आसतो." तिनं नाक पुसलं. "ती जगू दे. मला दुसरं काय नगं."

रंगुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

ऊन व्हरांड्यात शिरून पार भिंतीला लागलं, तेव्हा दार उघडून नर्स बाहेर आली. चंद्राबाई ताडकन उठली. "माजी सून?"

"बरी आहे. शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण काळजीचं काही नाही."

चंद्राबाई मटकन बाकावर बसली. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले आणि तिचे खांदे हलायला लागले. रंगुबाईच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिला ते कळलं नाही. नर्स थोडी थांबली. मग हसून म्हणाली, "आजी, काय झालं ते नाही विचारलंत?"

चंद्राबाईनं मान वर केली. "काय झालं?"

"मुलगी."

दोन महिने रंगुबाई याच शब्दाला भीत होती. आता चंद्राबाई वळेल, काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं. पण चंद्राबाईनं फक्त डोळे पुसले आणि विचारलं, "रडली का नीट?"

"खणखणीत रडली."

"मग झालं," चंद्राबाई म्हणाली. "आसू दे." आणि रंगुबाईकडं वळून म्हणाली, "सकाळपास्नं तुज्या पोटात काय न्हाई. चल, च्या पिऊ."

रस्त्यापलीकडच्या टपरीवर दोघींनी बशीतून चहा प्यायला, खारी बुडवून खाल्ली. चंद्राबाईनं दुसरा कप मागवला. इतका गोड चहा आपण आधी कधी प्यायलो नाही, असं रंगुबाईला वाटलं. मग पोस्टात जाऊन त्यांनी मानसिंगला तार केली. तारबाबूनं विचारलं, "मजकूर?" चंद्राबाई म्हणाली, "पोरगी झाली. दोगी सुकरूप. लवकर ये." तारबाबूनं ते नीट लिहून वाचून दाखवलं आणि चंद्राबाईनं मान डोलावली.

चंद्राबाई मनूपाशी राहिली. दुसऱ्या दिवशी मनूनं डोळे उघडले, पेज प्यायली, बाळ जवळ घेतलं, तेव्हा रंगुबाई एकटीच एसटीनं परत निघाली. खिडकीशी जागा मिळाली. सांगली मागं पडली तशी तिला अशी झोप लागली की आपल्या गावचा फाटा कधी गेला, ते कळलंच नाही. कंडक्टरनं विट्याच्या स्टँडवर तिला हलवून जागं केलं. "बाई, कुठं उतरायचं होतं?"

"मागं," ती म्हणाली.

"मग आता चालत जावा."

ती चालत निघाली. पाऊस थांबलेला होता, रस्त्याकडंच्या रानांत भुईमुगाची कोवळी पानं वर आली होती. अडीच कोस म्हणजे काही थोडं नव्हे, पण तिला ते लांब वाटलं नाही. वाटेत भेटेल त्याला ती सांगत गेली, "मनू सुटली. दोगी बऱ्या हायत." कुणी मुलगा का मुलगी विचारलं तर सांगायची, न विचारलं तर नाही. गावात पोचेपर्यंत दिवस कलला होता. जैनब कुपापाशी उभीच होती. रंगुबाईनं तिला लांबूनच हात वर करून दाखवला, सगळं ठीक म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात साळूबाईची कोंबडी पुन्हा खुडूक झाली. ती रंगुबाईकडं आली, पण अंडी घेऊन नव्हे. उंबऱ्यावर बसून म्हणाली, "राख किती घालायची, तेवडं सांग. मीच ठिवते औंदा."

रंगुबाईनं सांगितलं. मग दोघी बराच वेळ पावसापाण्याच्या गप्पा मारत बसल्या. चुलीवर चहा उकळत होता, आणि रंगुबाईला कुठं जायचं नव्हतं.